सकाळचं लिंबूपाणी आणि झिजलेले दात

पत्र, थोडं कापून: "मी ३६ वर्षांची, नाशिकला राहते, काम घरूनच असतं. गेली काही वर्षं रोज उठल्याबरोबर कोमट पाण्यात अख्खं लिंबू आणि मध घालून पिते आणि तोंडातली आंबट चव जावी म्हणून लगेच ब्रश करते. दिवसभर टेबलावर बाटली असते, तिच्यात लिंबाच्या फोडी, पुदिना, कधी दोन चमचे ॲपल सायडर व्हिनेगर. वजन थोडं उतरलं, पण आता गार पाणी लागलं की समोरच्या दातांत सणक जाते, दात पिवळट दिसतात आणि कडा काचेसारख्या पारदर्शक झाल्यात. डेंटिस्टनी बघून 'इनॅमल झिजलंय, आंबट बंद करा' एवढंच सांगितलं. सासूबाई म्हणतात मीठ-लिंबू चोळ, पिवळेपणा जाईल. मिस्टर चारकोलची पेस्ट घेऊन आलेत. मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याच्या डब्यासोबत रोज ज्यूसचं छोटं पाकीट असतं. आता चिंच, कोकम, कैरी, टोमॅटो, ताक सगळंच सोडायचं का? आमच्याकडे आमटीसुद्धा आंबटगोड असते."

ताई नमस्कार,

आमटी सोडू नका. आणि ते मीठ-लिंबू चोळायला सुरुवात केली असेल तर आजच्या आज थांबवा, केली नसेल तर उत्तमच. हे दोन आधी सांगून टाकते, बाकीचं सावकाश बोलू. तुमच्या डेंटिस्टनी सांगितलं ते चुकीचं नाहीये, पण 'आंबट बंद' एवढ्यावर मराठी घरात कुणाचं जेवण होणार, आणि खरं तर त्याची गरजही नाही. तुमच्या पत्रात मला चिंच-कोकमाचा दोष कुठे दिसतच नाही. मला दिसते ती टेबलावरची बाटली, आणि लिंबूपाण्यावर लगेच फिरवलेला ब्रश.

इनॅमल म्हणजे दाताचं वरचं कवच. आपल्या अख्ख्या शरीरात याच्याइतकं कडक दुसरं काही नाही, हाडसुद्धा नाही. वजनाने बघितलं तर जवळपास ९६ टक्के निव्वळ खनिज, कॅल्शियम आणि फॉस्फेटचे बारीक बारीक स्फटिक दाटीवाटीने बसवलेले. दाढांच्या टोकांवर ते फार तर अडीच मिलिमीटर जाड असतं आणि हिरडीजवळ येता येता अगदी पातळ होत जातं. आणि यातली वाईट गोष्ट अशी की ते बनवणाऱ्या पेशी दात बाहेर येईपर्यंत संपून गेलेल्या असतात. हाड मोडलं तर जुळतं, कातडी भरून येते, इनॅमल मात्र एकदा गेलं की शरीराकडे ते परत बनवायची सोयच नाही. घाबरवायला सांगत नाहीये, पण क्लिनिकमध्ये 'कुठल्या टूथपेस्टने परत येईल' हा प्रश्न रोज कुणीतरी विचारतं आणि जाहिरातीही तसंच काहीबाही दाखवतात, म्हणून स्पष्ट सांगितलं. नुसतं मऊ पडलेलं इनॅमल परत कडक होऊ शकतं. निघून गेलेलं नाही. तुमचं जे गेलंय ते गेलं, पण जे आहे ते पुढची चाळीस-पन्नास वर्षं टिकवता येईल इतकं अजून नक्की असणार, आणि आपल्याला काम त्याच्यासाठी करायचंय.

आता हे एवढं कडक कवच लिंबापुढे का हरतं. घरी कडप्प्याचा ओटा असेल तर बघितलं असेल, लिंबू पिळताना दोन थेंब सांडले आणि पुसायचे राहिले की तिथे पांढुरकं दिसायला लागतं आणि मग कितीही घासा जात नाही, कारण तो डाग नसतोच, तेवढा दगडच विरघळून गेलेला असतो. कडप्पा चुनखडीचा, म्हणजे कॅल्शियमवालाच, आणि दाताचं खनिजही कॅल्शियमचंच. आंबटपणा मोजतात पीएचमध्ये, ७ म्हणजे ना आंबट ना खारं, आणि त्याच्या खाली एकेक आकडा उतरला की ॲसिड दहापट वाढतं. दाताभोवतीचा पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधनं कॅल्शियम-फॉस्फेट बाहेर पडायला लागतं. लिंबाचा रस २ ते २.५ असतो. कोलासुद्धा अडीचच्या आसपासच, डाएटवाला घेतला तरी दातांना ॲसिड लागतंच, फक्त साखर नाही. व्हिनेगर अडीच-तीन. संत्र्याचा ज्यूस साडेतीन-चार. दूध साडेसहाच्या वर, म्हणजे बिनधास्त. तुम्हाला वाटेल मी तर ग्लासभर पाण्यात पिळते, पातळ होतं की. चव पातळ होते हो, पण अख्खं लिंबू असेल तर तो ग्लास पीएच ३ च्या खालीच राहतो. शिवाय लिंबातल्या सायट्रिक ॲसिडची एक जादाची खोड आहे, ते कॅल्शियमला धरून ठेवतं, त्यामुळे दाताला परत मिळायला हवं होतं तेही तिथेच अडकून पडतं.

आणि तुमचं पाणी कोमट असतं. गार आंबट पेयापेक्षा गरम आंबट पेय दाताला जास्त खातं.

पण देवाने तोंडात लाळ दिलीय आणि तिची आपण कधी कदर करत नाही. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते, ती ॲसिड धुऊन नेते, तिच्यातला बायकार्बोनेट ॲसिड मारतो, आणि तिच्यातलं कॅल्शियम-फॉस्फेट मऊ पडलेल्या इनॅमलमध्ये परत जाऊन बसतं. हे रोज जेवणानंतर प्रत्येकाच्या तोंडात चालू असतं, फक्त त्याला वेळ लागतो, अर्धा तास, कधी तास. चिंच खाऊन दात आंबले आणि थोड्या वेळाने बरं वाटलं, तर त्यात मोठं काम लाळेचं.

आता तुमची बाटली बघा. सकाळी साडेनऊला एक घोट, पावणेदहाला दुसरा, मग मीटिंग, मग परत घोट, असं संध्याकाळपर्यंत. प्रत्येक घोटाला तोंडातला पीएच खाली येतो, लाळ तो वर ओढायला लागते, तेवढ्यात पुढचा घोट. लाळेला तिचं काम पूर्ण करायला दिवसभरात एकदाही निवांत वेळ मिळत नाही. तेच अख्खं लिंबू तुम्ही दुपारच्या जेवणात वरणभातावर पिळून खाल्लं असतं तर माझ्याकडे हे पत्रच आलं नसतं. आंबट किती खाल्लं याच्यापेक्षा ते दाताला किती वेळ लागून राहिलं, दिवसातनं किती वेळा लागलं, हे जास्त महत्त्वाचं, आणि मला तुम्हाला सांगायचंय ते मुळात एवढंच आहे.

त्यात तुमची सकाळची वेळ. झोपेत लाळ जवळजवळ आटते, उठतो तेव्हा तोंड कोरडं असतं, म्हणजे दात सगळ्यात उघडे पडलेले असतात आणि नेमकं तेव्हा त्यांच्यावर अख्खं लिंबू. आणि मग लगेच ब्रश! वरचा पापुद्रा मऊ पडलाय, लाळेने अजून त्याला हात लावलेला नाही, आणि आपण त्यावर ब्रश घासतोय, तेही बहुतेक जोर लावून कारण आंबट चव घालवायचीय. असं रोज, वर्षानुवर्षं. तुम्ही हे स्वच्छतेसाठी करत होतात हे मला कळतंय, आणि तुम्हाला कुणी हे कधी सांगितलंच नाही याचं मला वाईट वाटतं, कारण लिंबूपाण्याचे फायदे सांगणारे व्हिडिओ शेकड्याने आहेत आणि त्यातले फार थोडे दातांचं नाव काढतात.

मधाबद्दल. मध, गूळ, खडीसाखर, सेंद्रिय काहीही असो, दातांच्या जंतूंना सगळं सारखंच. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकात करतात. तुमची झीज ही थेट पेयातल्या ॲसिडची, तिच्यात जंतूंचा संबंध नाही. कीड मात्र जंतू करतात, ते साखर खातात आणि स्वतः ॲसिड बनवतात. लिंबू-मध एकत्र म्हणजे दोन्ही बाजूंनी मार. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं दिली त्यात मध आणि फळांचा ज्यूसही साखरेतच धरलाय, रोजच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत, आणि जमलं तर ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे मोठ्या माणसाला साधारण सहा छोटे चमचे, दिवसभराचं सगळं मिळून.

'दिवसातनं किती वेळा' हा मुद्दा किडीलाही तसाच लागू आहे आणि तो ज्या पद्धतीने सिद्ध झाला ते वाचून मला अजूनही त्रास होतो. स्वीडनमध्ये लुंडजवळ व्हिपेहोम नावाची मतिमंद रुग्णांची मोठी संस्था होती, तिथे १९४५ ते १९५३ या काळात त्या माणसांवर आहाराचे प्रयोग झाले, काहींना साखर फक्त जेवणाबरोबर दिली, काहींना दाताला चिकटून राहील अशी मुद्दाम बनवलेली टॉफी दिवसभर मधे मधे दिली, आणि त्यांचे दात किडेपर्यंत हे चालू ठेवलं. ज्यांना नाही म्हणता येत नव्हतं त्यांच्यावर केलेलं हे काम, त्याचं समर्थन होऊच शकत नाही. पण त्यातनं दिसलं ते असं की जेवणाबरोबरच्या साखरेने कीड फारशी वाढली नाही, मधल्या वेळच्या चिकट टॉफीने भयंकर वाढली. आज जगभरचे डेंटिस्ट 'दोन जेवणांच्या मधे गोड चरू नका' म्हणतात त्याच्यामागे त्या माणसांचे दात आहेत.

वजनाचं म्हणाल तर लिंबू चरबी वितळवत नाही. तुमचं वजन उतरलं असेल तर बहुतेक सकाळचा साखरेचा चहा सुटला, खाण्याकडे लक्ष गेलं, पाणी जास्त प्यायला लागलात, त्याने. ते सगळं साध्या पाण्यावरही चालू राहील. व्हिटॅमिन सी हवं असेल तर पेरू खा, वजनाला वजन धरलं तर लिंबाच्या तीन-चारपट तरी सी असतं त्यात, आणि चावून खायचं असल्याने लाळही भरपूर सुटते. चघळायच्या सी च्या गोळ्या घरात असतील (कोव्हिडमध्ये घराघरात आल्या आणि कित्येकांकडे अजून चालूच आहेत) तर त्याही बघा, ती गोळी म्हणजे दाताला घासत विरघळणारं ॲसिडच. डॉक्टरांनी दिली असेल तर गिळायची मागून घ्या. ॲपल सायडर व्हिनेगर मी बाटलीतनं पूर्ण काढून टाकायला सांगेन. सॅलडवर घाला हवं तर.

आता तुमच्या आंबटाची यादी घेऊ.

दही-ताक पहिलं, कारण तिथे सगळ्यांना आश्चर्य वाटतं. दह्याचा पीएच ४ ते साडेचार, म्हणजे ५.५ च्या खालीच, तरी ते इनॅमल झिजवत नाही, कारण त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं भरलेलं असतं की दातातनं आणखी बाहेर पडायला जागाच राहत नाही. ताकही त्याच घरातलं. त्यामुळे शेवटचा ताकभात, मठ्ठा, कढी, दहीभात सगळं चालू ठेवा. गोड लस्सी वेगळी, तिच्यात साखर आहे.

चिंचेची आमटी, टोमॅटोचं सार, आमसूल घातलेली भाजी: चिंच-आमसूल डाळीत, पाण्यात, भाजीत पसरलेलं असतं, आपण ते भाताबरोबर चावतो, लाळ सुटते, पंधरा-वीस मिनिटांत जेवण उरकतं. यात काळजी करण्यासारखं काही नाही. सोलकढीही जेवणात वाटीभर घेतली तर खुशाल घ्या. पण तेच कोकम सरबत उन्हाळ्यात बाटलीत भरून दिवसभर घोट घोट प्यायलं तर ती तुमची लिंबाची बाटलीच झाली, फक्त लाल रंगाची. पन्हंही तसंच. एक ग्लास, शक्यतो जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्या झाल्या, न रेंगाळता, स्ट्रॉने आणि स्ट्रॉ जरा आत धरून म्हणजे समोरच्या दातांना कमी लागतं, आणि वर साधं पाणी. कैरीची तिखटमीठ लावलेली फोड एखादी खा की. फक्त तासभर चोखत बसू नका, चिंचेचा गोळा गालात ठेवून फिरायचं नाही, आणि आवळ्याची गोड कँडी येता-जाता तोंडात टाकायची नाही, ती आंबटही आहे, गोडही आहे आणि चिकटही.

घरून काम करणाऱ्यांना मी आणखी एक विचारते, चहा. नुसता चहा दाताला आंबट म्हणावा असा नाही, त्याचे डाग पडतात ते वेगळं, पण साखरेचा कप लॅपटॉपशेजारी ठेवून पाऊण तास पुरवून पुरवून पिणं म्हणजे परत तेच. गरम आहे तोवर पिऊन टाका.

पिवळेपणाचं आता, कारण त्याच्यापायी घरात दोघांनी दोन उपाय काढलेत. इनॅमल अर्धपारदर्शक असतं, त्याच्या खाली डेंटिन नावाचा थर असतो आणि तो मुळातच पिवळा असतो. वरचं पातळ झालं की खालचा रंग दिसायला लागतो. तुमचा पिवळेपणा हा वर बसलेला मळ नाही, आतला दात दिसतोय. सासूबाईंच्या मीठ-लिंबाने पहिले दोन दिवस दात पांढरे वाटतीलही, कारण वरचा थर खरवडून निघेल, आणि मग आधीपेक्षा पिवळे दिसतील. त्यांना हे प्रेमाने सांगा, त्या तुमचं वाईट चिंतून सांगत नाहीयेत, त्यांच्या पिढीला राखुंडी, मीठ, कोळशाची पूड हेच मिळालं. चारकोलच्या पेस्टचंही तेच, घासून डाग काढणं हे तिचं काम आणि तुमच्याकडे काढायला डाग नाहीत, घालवायला इनॅमल नाही. बऱ्याच चारकोल पेस्टमध्ये फ्लोराईडही नसतं. परत करता येत असेल तर करा. आणि घरात कुणी मिशरी लावत असेल तर तिच्याबद्दल वेगळंच बोलावं लागेल, ती घासते म्हणून वाईट हे तर आहेच पण मुळात ती तंबाखू आहे आणि तोंडाच्या कॅन्सरला निमंत्रण आहे, कृपा करून सोडवा.

गार पाण्याची सणक का जाते तेही याच्यातच आलं. डेंटिनमध्ये हजारो सूक्ष्म नळ्या असतात, त्यांच्यात द्रव असतो, वरचं झाकण गेलं की गार-गरम लागल्यावर तो द्रव हलतो आणि आतल्या नसेला कळतं.

मग करायचं काय. उठल्यावर आधी ब्रश, काही पिण्याआधी, मऊ ब्रिसल्सचा, पेन धरतो तसा हलक्या हाताने. मग साधं कोमट पाणी प्या, पोट साफ व्हायला बहुतेकांना तेवढं पुरतं. लिंबाशिवाय करमतच नसेल तर ते पोह्यांवर पिळा. बाटलीत पाणी आणि पुदिना ठेवा, काकडीचे काप टाका, लिंबाची फोड नको. कधी आंबट प्यायलात तर लगेच साध्या पाण्याने चूळ भरा आणि तासभर ब्रशला हात लावू नका. रात्री झोपताना ब्रश नक्की, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. पेस्ट फ्लोराईडची घ्या, पाकीट उलटं करून वाचा, हर्बल म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ पेस्टमध्ये ते नसतं. सणकेसाठी पोटॅशियम नायट्रेटवाली सेन्सिटिव्ह पेस्ट मिळते, तिचा फरक दोन दिवसांत नाही, काही आठवड्यांनी जाणवतो, तोवर धीर धरा. ब्रश झाल्यावर फेस थुंकून टाका पण खळखळून चुळा भरू नका, फ्लोराईड दातावर राहू दे.

फ्लोराईड विष आहे असे फॉरवर्ड तुम्हालाही आले असतील. त्या भीतीला आपल्याकडे खरं कारण आहे, यवतमाळ, चंद्रपूर भागात काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे, पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम ही आपल्याकडची मर्यादा, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत, आणि तिथे ती ओलांडली गेल्याने मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडले, काहींची हाडं आखडली. ते वर्षानुवर्षं पोटात गेलेलं फ्लोराईड. दोन वेळा ब्रश करून थुंकून टाकलेली पेस्ट ही वेगळी गोष्ट आहे, उलट फ्लोराईड मिळालेलं इनॅमल ॲसिडला जास्त वेळ तोंड देतं, पीएच ५.५ ऐवजी साडेचारच्या आसपासपर्यंत तग धरतं.

एक प्रश्न मला तुम्हाला विचारायचाय, आणि उत्तर मला नाही, तुमच्या डॉक्टरांना द्या. रात्री आडवं झाल्यावर आंबट पाणी घशाशी येतं का, छातीत जळजळ होते का, गरोदरपणात उलट्या फार झाल्या होत्या का, किंवा वजनाच्या काळजीने खाल्लेलं बाहेर काढायची वेळ कधी आली का? पोटातलं ॲसिड लिंबापेक्षाही कडक असतं. पुढच्या वेळी डेंटिस्टना विचारा की झीज वरच्या दातांच्या पुढच्या बाजूला आहे की आतल्या, टाळूकडच्या बाजूला. पुढून असेल तर बहुतेक बाटलीचंच काम. आतून जास्त असेल तर पोटाकडे बघायला हवं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही, उपचार आहेत. उलटी झालीच तर लगेच ब्रश करू नका, ग्लासभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भरा.

डेंटिस्टकडे परत जा मात्र. 'आंबट बंद' वर थांबू नका, विचारा की फ्लोराईड व्हार्निश, म्हणजे दातांवर फ्लोराईडचा लेप, लावता येईल का, पारदर्शक झालेल्या कडांना कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरण, लावायची गरज आहे का की थांबता येईल, आणि आत्ताचे फोटो काढून ठेवायला सांगा म्हणजे सहा महिन्यांनी झीज थांबलीय की चालूच आहे ते अंदाजाने नाही, बघून कळेल. व्हाइटनिंगचा विचार सध्या मनातही आणू नका, सणक आहे तोवर तर नाहीच.

मुलाचं शेवटी घेतलं पण माझ्या दृष्टीने ते तुमच्यापेक्षा जास्त घाईचं आहे. दुधाच्या दाताचं इनॅमल मोठ्या दाताच्या जेमतेम निम्मं असतं. आणि सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढांच्या मागे गुपचूप पहिली कायमची दाढ येते. कुठला दात पडून ती येत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ताच लागत नाही, आई-बाबांना वाटतं दुधाचीच आहे, किडली तरी पडेल. ती पडणार नाहीये, ती त्याला आयुष्यभर वापरायचीय, आणि नुकत्याच आलेल्या दाताचं इनॅमल अजून पुरतं पक्कं झालेलं नसतं. त्यावर रोज ते ज्यूसचं पाकीट, ज्यावर 'साखर घातलेली नाही' लिहिलं असलं तरी फळाची साखर आणि फळाचं ॲसिड दोन्ही आहे, आणि मुलं ते स्कूल बसमध्ये अर्धा तास चोखत बसतात. पाकीट बंद करा, पाण्याची बाटली द्या, फळ अख्खं द्या. डब्यात बिस्किटं, वेफर्स कमी करा, तो पिठूळ लगदा दाढांच्या खाचांत चॉकलेटपेक्षाही जास्त वेळ अडकून बसतो. त्याऐवजी पनीर, चीजचा तुकडा, भाजलेले दाणे, उकडलेले हरभरे, काकडी-गाजर. गोड बंद करा असं मी म्हणत नाही, लाडू असेल तर जेवणाच्या ताटात द्या. जत्रेत काळाखट्टा गोळा खाल्ला तर खाऊ दे, वर पाणी प्यायला लावा आणि झालं.

पेस्ट वाटाण्याएवढी, ब्रशभर नाही. सात-आठ वर्षांचा होईपर्यंत रात्रीचा ब्रश तुम्ही किंवा त्याच्या बाबांनी करून द्यायचा, तो स्वतः करतो म्हणाला तर आधी त्याला करू दे आणि मग तुमचा एक हात फिरवा, मागच्या दाढांपर्यंत. आणि येत्या सुट्टीत त्याला दाखवून आणा, ती नवीन दाढ पूर्ण वर आली असेल तर तिच्या खाचा सीलंटने भरून घेता येतात, इंजेक्शन नाही, ड्रिलिंग नाही, दुखत नाही, एका दाढेला काही मिनिटं लागतात. अजून अर्धवट हिरडीत असेल तर डॉक्टर थांबायला सांगतील, मग तारीख लिहून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी परत न्या.